चढावर भोंगा वाजला नाही

१

सोमवारी सकाळी हेडबाई चहाचा कप घेऊन मागच्या ओट्यावर आल्या आणि बघतात तर चढाच्या माथ्यावर मास्तरांचं झाड उभं नव्हतं.

ते आडवं होतं. मुळं वर, शेंडा खाली, उताणं पडलेल्या झुरळासारखं. शेजारी नव्या हिरवळीच्या चिंध्या, उकरलेल्या मातीचा ढिगारा, आणि खाली बागेच्या कोपऱ्यात, काहीच घडलं नाही अशा थाटात उभा असलेला पिवळा छोटा लोडर.

मास्तर म्हणजे हेडबाईंचे यजमान. शाळेत बाई मुख्याध्यापिका आणि ते त्यांच्या हाताखाली साधे शिक्षक, त्यामुळे घरात काय, दारात काय, शेवटचा शब्द बाईंचाच. मास्तरांनी आयुष्यात एकच गोष्ट बाईंना न विचारता केली, ती म्हणजे हे झाड लावलं. आणि पुढे वारले, तेही न विचारताच. तेव्हापासून त्या झाडाचं पान गळलं तरी बाई माळ्याला जाब विचारत.

बाई आत्याला फोन करून एवढंच म्हणाल्या, "तुमच्या भाच्याला घेऊन या. नाहीतर मी पोलिसांना घेऊन येते."

आता आत्या कोण, ते सांगायला हवं. बागा आखणाऱ्यांना, अंगणं सपाट करणाऱ्यांना, जिथे मोठं यंत्र शिरत नाही अशा बोळकंडीतून माती ओढणाऱ्यांना लागतात ते छोटे लोडर तिचे होते. दोन. एकाचं नाव थोरली, दुसऱ्याचं धाकटी. बैलगाडीएवढ्या जागेत गर्रकन फिरणारं यंत्र ते, पण आत्याच्या रागापुढे बापडं वाटायचं. एकदा तिने सिमेंटवाल्याला फोनवर असं झापलं की पलीकडे गोदामातलं अर्धं पोतं पाण्यावाचून घट्ट झालं. ज्याला खोटं वाटेल त्याने ते पोतं जाऊन बघावं. अजून त्याची पायरी करून वापरतात.

भाचा तिच्या भावाचा मुलगा. चांगला तिशीचा, अबोल, आणि धाकटीवर बसला की बकेटच्या दातांनी अंडं उचलून परत ठेवील असा.

२

आत्या आली ती टेम्पोतून, एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला दीर. दिराला ती भाऊजी म्हणे, आणि तिच्यामुळे सगळी दुनिया भाऊजीच म्हणे. टेम्पो चालवायचा, थोरली चालवायची, ही त्याची कामं. भाऊजींची एक खोड होती: रिकाम्या हाताने ते कधी हलत नसत. उठून पाणी प्यायला निघाले तर वाटेतले उष्टे कप उचलत. आताही टेम्पोतून उतरताना त्यांनी पाण्याच्या पाइपाचं भेंडोळं खांद्यावर घेतलं.

"तो पाइप कशाला?" आत्या म्हणाली.

"जातोच आहे ना तिकडे. असू दे."

हेडबाई ओट्यावर शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तशा उभ्या होत्या. "या यंत्राची किल्ली एकच. ती याच्या गळ्यात. काल रविवार, काम बंद. शनिवारी माझं याच्याशी वाजलं होतं हे साऱ्या गल्लीने ऐकलंय. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"कशावरून वाजलं?"

"त्याच्या त्या भोंग्यावरून. यंत्र मागे चाललं की आपोआप कोकलतो तो. आठवडाभर टूं-टूं-टूं-टूं. सगळं जग पुढे तोंड करून चालतं, हा खाली येतो तेही उलटा, वर जातो तेही उलटा. मी म्हटलं, सरळ चालव नाहीतर चालता हो. तर मला म्हणतो, बाई, तुम्हाला यातलं कळत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "छत्तीस वर्षं शाळा चालवली मी. मला कळत नाही."

भाच्याचे कान लाल झाले. "तसं नव्हतं म्हणायचं."

"तू गप्प बस," आत्या आणि हेडबाई एकदमच म्हणाल्या. तेवढ्यापुरतं दोघींचं जमलं.

"संध्याकाळपर्यंत थांबते," हेडबाई म्हणाल्या. "मग पोलीस. आणि या गावात बागेचं काम देणारा जो जो माणूस आहे त्याला मी स्वतः फोन करणार. याच्या हातात परत कोणी फावडंसुद्धा देणार नाही."

भाऊजींनी तेवढ्यात खरंच फावडं उचललं होतं. "वहिनी, पोराची चूक झाली असेल. पाया पडू, नवीन झाड आणू. मी हा खड्डा आत्ता बुजवतो, वर हिरवळ दाबली की विषय मिटला."

"त्या खड्ड्याला हात लावाल तर याद राखा," हेडबाई म्हणाल्या.

भाऊजींनी फावडं ठेवलं. पण ठेवायला जाताना वाटेतली रिकामी पोती गोळा केली.

३

आत्याने भाच्याला धाकटीमागे ओढलं. "काल कुठे होतास?"

"घरी. झोपलो होतो. आईला विचार."

"तुझी आई माझी भावजय आहे. तू बँक लुटत असतास तरी ती म्हणेल बाळ झोपलंय." तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. "तू केलंस?"

"नाही."

एवढंच. आत्याला ते पुरलं, आणि पुरलं म्हणूनच राग चढला. भाच्याने नाही तर कोणी? आणि तिच्या यंत्राने?

किल्ली एकच, हे हेडबाईंना वाटत होतं. आत्याला ठाऊक होतं की तसं नाही. थोरली आणि धाकटी एकाच कंपनीच्या, आणि त्या कंपनीच्या सगळ्या यंत्रांना एकच किल्ली लागते. भाच्याच्या गळ्यातली लागते, आत्याच्या कमरेची लागते, भाऊजींच्या खिशातली लागते. सुट्या भागांच्या दुकानात मागितली तर आणखीही मिळते. हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. का गेलं, त्याचा विचार तिने केला नाही. राग आलेल्या माणसाला हे एक सुख असतं.

बागेचा नकाशा काढणारे गृहस्थ फाटकाशी आले. कानावर पेन्सिल, म्हणून नाव पेन्सिल. झाडाकडे बघून त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी तो घाईने पाडला.

"वाईट झालं," ते म्हणाले.

"तुम्हाला ते झाड नकोच होतं."

"रेषेत येत नव्हतं हो. पण मी हेडबाईंना तसं चार वेळा लेखी कळवलंय. झाड पाडणारा माणूस आधी पत्रं लिहीत बसेल का?" त्यांनी डावा पाय पुढे केला. घोट्यापर्यंत प्लास्टर. "आणि हे घेऊन?"

धाकटीची बकेट पायाने उचलावी लागते. पेन्सिल संशयातून सुटली.

उरले जावई. हेडबाईंचे जावई सुट्टीला बायको-मुलीसह आले होते आणि झाडाच्या जागी गाडी लावायला फरशी करू, असं आठवडाभर सासूबाईंच्या कानाशी कुजबुजत होते. काल बाकी सगळे लग्नाला गेले ते रात्री उशिरा परतले, हे दिवसभर एकटे घरी.

"आवाज ऐकला मी," ते म्हणाले. "दुपारी इंजिन चालू होतं, वर-खाली. मला वाटलं काम चाललंय. उलट बरं वाटलं. काल डोकं दुखत होतं आणि तो भोंगा नव्हता."

आत्या जागच्या जागी थांबली. "नव्हता म्हणजे?"

"चढावर नव्हता. माथ्यावर गेल्यावर अधूनमधून एखादं टूं. पण रोज कसं, चढाच्या खालपासून वरपर्यंत कोकलत जातं. काल एकदाही नाही."

आत्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते बघून भाचा दोन पावलं मागे सरकला. त्याला ते हसू माहीत होतं.

४

"माझा माणूस रिकामं यंत्र घेऊन चढावर सरळ तोंडाने जातच नाही," आत्या गरजली. ओट्यावर सगळे जमले होते. "का, ते ऐका. या यंत्राचं इंजिन मागे. बकेट रिकामी असली की सगळं वजन बुडाकडे. अशा वेळी तोंड वर करून चढलात तर उताणे पडाल. म्हणून रिकामं असताना उलटं चढायचं, बूड वर. बकेट भरली की वजन पुढे येतं. मग उतरतानाही उलटंच, तोंड वर. जड अंग नेहमी चढाकडे. ही माझी पहिली शिकवण. पोरगा आठवडाभर माती वरून खाली आणत होता. जाताना रिकामा, येताना भरलेला. दोन्ही वेळा उलटा. दोन्ही वेळा भोंगा. तो तुम्हाला छळत नव्हता, बाई. जीव वाचवत होता, आणि तुमची भिंतही."

हेडबाईंनी भाच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"आणि काल जो चढला त्याला हे ठाऊक नव्हतं. तोंड वर करून, भोंगा न वाजता गेला." आत्या वळली. "जावईबापू, किल्ली दुकानात कितीला मिळाली?"

जावयांचं तोंड उघडं पडलं. "मी? अहो, आवाजाचं मीच तर सांगितलं तुम्हाला."

"चोरसुद्धा कधीकधी शहाणपणा करायला जातो."

"आत्या," भाचा हळूच म्हणाला.

"तू गप्प बस."

"आत्या, त्यांना चालूच करता येत नाही. मंगळवारी लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. गुडघ्यावरचा दांडा खाली ओढल्याशिवाय धाकटी हलत नाही. हे अर्धा तास किल्ली फिरवत बसले, आणि मग मला म्हणाले, तुमच्या यंत्राची बॅटरी गेली."

सहा वर्षांची लेक कठड्यावरून म्हणाली, "मग दादाने एका मिनिटात चालू केलं. बाबांना काही येत नाही."

जावई इतके लाल झाले की त्यांचा निर्दोषपणा वेगळा सिद्ध करायची गरजच उरली नाही.

आत्याची मात्र भर ओट्यावर फटफजिती झाली. ती पायऱ्या उतरून तरातरा निघाली, आणि मागून हेडबाईंचा आवाज आला, "संध्याकाळ व्हायला फार वेळ नाही."

५

राग घेऊन आत्या बागेच्या तळाला, पाडलेल्या जुन्या शेडच्या जागी जाऊन बसली. इथे शेडचे सिमेंटचे पत्रे ताडपत्रीत बांधून ठेवले होते. जुने पत्रे ते, अ‍ॅस्बेस्टॉसचे. फुटले की त्यांतला बारीक तंतू हवेत उडतो, छातीत जातो आणि तिथेच राहतो, माणसाला संपवायला. म्हणून ते गुंडाळून, पाणी मारून, पालिकेच्या दूरच्या कचरा डेपोतल्या खास खड्ड्यात न्यायचे असं ठरलं होतं. शनिवारी काम संपल्यावर भाऊजींनी नेले. निदान "नेले" असं त्यांनी रात्री जेवताना सांगितलं होतं.

ढीग होता तिथलं गवत पिवळं पडलेलं, खाटेएवढा चौकोन. आत्या त्या चौकोनाकडे बघत बसली. मग त्याच्या कडेला बघितलं. मग उठून उभी राहिली.

हे यंत्र वळताना चाकं वळवत नाही. एका बाजूची चाकं पुढे, दुसऱ्या बाजूची मागे, आणि घसटत जागेवर फिरतं. फिरतं ते जड बाजूच्या चाकांवर. जड बाजू जागच्या जागी रुतून पिळते, हलकी बाजू लांब फराटे ओढत जाते. लग्नात बसकण मारलेल्या जाडजूड मामींना उठवायला गेलं की मामी जागेवर राहतात आणि उठवणारा भोवती फिरतो, तसंच.

चौकोनाच्या लगत चाकांनी माती जागच्या जागी पिळली होती. त्यापासून यंत्राच्या लांबीवर, मागच्या चाकांचे फराटे, झाडू मारल्यासारखे, लांबच लांब. म्हणजे तोंड ढिगाकडे होतं, आणि जड अंग तोंडाकडे होतं.

बकेट भरलेली होती.

आत्या चढ चढून वर गेली. झाडाशेजारी नेमकं उलटं. फराटे पुढच्या चाकांचे, पिळणं मागच्यांचं. इथे बकेट रिकामी.

भरलेली बकेट घेऊन वर चढायचं तर तोंड वर. सरळ. भोंगा नाही. रिकामी घेऊन उतरायचं तर बूड वर. सरळ. भोंगा नाही. काल यंत्र चालवणारा अडाणी नव्हता. त्याने तिची पहिली शिकवण एकदाही मोडली नव्हती. आणि तो चढावर एकदाही रिकामा गेला नव्हता. झाड उपटायला म्हणून निघाला तो पहिला फेरासुद्धा भरून घेऊन गेला.

असा माणूस आत्याला एकच माहीत होता. तो खाली फाटकाशी उभा होता, दोन्ही हातांत रिकामी पोती.

तिने खड्ड्याकडे बघितलं. झाड पाडायला कोणी आलंच नव्हतं. तळाला अजून भिंतीचा पाया खणायचा होता, तिथे पुरलेलं वर आलं असतं. माथ्याची हिरवळ मात्र तयार होती, तिथे पुन्हा कोणी कुदळ मारणार नव्हतं. फक्त तयार हिरवळीत ताजा खड्डा दिसतो. मग त्या खड्ड्याला कारण हवं.

मास्तरांचं झाड हे कारण होतं. आणि भाचा त्या कारणाचं कारण.

६

"खड्डा आणखी खोल करायचा," आत्या मोठ्याने म्हणाली. आवाज इतका शांत की भाच्याला घाम फुटला. "नवं झाड इथेच लावू. बाळ, बस धाकटीवर. सगळे वर या, बाईंच्या देखत होऊ दे."

भाचा रिकामा वर चढला, उलटा, टूं-टूं करत. हेडबाई, जावई, पेन्सिल, सगळे खड्ड्याभोवती आले. पहाटे भुरभुर पाऊस होऊन गेला होता. माती ओली, हवा धुतलेली.

"इतकं खणायची काय गरज?" भाऊजी म्हणाले. "मुळं वरवरच राहतात. वहिनी, मी म्हणतो..."

"खण," आत्या भाच्याला म्हणाली.

बकेट उचलली गेली. आत्या बकेटकडे बघतच नव्हती. भाऊजींनी खिशातून रुमाल काढला, नाकातोंडावर घट्ट बांधला, आणि वाऱ्याची दिशा बघून चार पावलं बाजूला झाले. मग त्यांचं लक्ष कठड्यावरून खड्ड्याकडे पळत आलेल्या पोरीकडे गेलं आणि हात आपोआप पुढे आला, तिला थांबवायला.

"बंद कर," आत्याने हात वर केला. इंजिन थांबलं.

"भाऊजी, रुमाल कशाला?"

"धूळ... उडते ना."

"कुठे आहे धूळ?"

सगळ्यांनी ओल्या मातीकडे पाहिलं. उघड्या नाकांनी. रुमाल एकट्याच्या तोंडावर होता.

"काय आहे खाली?"

भाऊजींनी रुमालाची गाठ आणखी आवळली.

"तुम्ही सांगा, नाहीतर पोरीला सांगते हाताने उकरायला."

"नको." तो शब्द रुमालातून फाटक्या पत्र्यासारखा आला. "पत्रे आहेत. शेडचे."

आत्याने भाऊजींनी सकाळी आणलेला पाइप नळाला जोडला आणि खड्ड्यावर पाणी सोडलं. माती वाहून गेली. खालून राखाडी, नागमोडी कड वर आली, मेलेल्या माशाच्या पाठीसारखी.

हेडबाईंनी नातीला उचलून मागे नेलं. इतक्या वेगाने त्या शाळेची घंटा चुकल्यावरही चालल्या नसतील.

७

"का?" आत्या म्हणाली.

"डेपो किती लांब आहे, वहिनी. तिथून भरायला काही नाही. येताना टेम्पो रिकामा आला असता."

आत्याने आयुष्यात पुष्कळांना शिव्या दिल्या होत्या. त्यातली एकही या वाक्याला पुरेना. ती दिराला नेहमी अहो-जाहो करी. आज ते गेलं.

"एक रिकामा फेरा वाचवायला तू हे विष लेकरांच्या पायाखाली पुरलंस. ते झाकायला मेलेल्या माणसाचं झाड पाडलंस. आणि सकाळपासून इथे उभा राहून या पोराला चोर म्हणू दिलंस. वर म्हणतोस, पाया पडू. तुला जेवताना घास कसा गेला?"

"मला वाटलं पाऊस चाकोऱ्या धुऊन टाकेल. झाड वाऱ्याने पडलं म्हणतील. पोरावर येईल असं नव्हतं वाटलं."

"आलं तेव्हा?"

भाऊजींनी रुमाल सोडून त्याची घडी घातली.

आत्या हेडबाईंकडे वळली. हे तिला सगळ्यात जड गेलं. "बाई, चोर माझ्या घरातला निघाला. सकाळीच मला ठाऊक होतं की घरात आणखी किल्ल्या आहेत, आणि मी बोलले नाही. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, नाव बरोबर सांगा. पालिकेच्या माणसांना मीच बोलावते. पत्रे त्यांच्या देखत निघतील, आमच्या खर्चाने, आणि ते जाईपर्यंत आमच्याशिवाय वर कोणी पाऊल ठेवायचं नाही."

हेडबाई झाडाकडे वळल्या. "ते जगेल का?" त्यांनी विचारलं, ते आत्याला नाही. भाच्याला.

भाच्याने मुळं चाचपली. "मातीचा गड्डा शाबूत आहे. आजच हलवलं तर जगेल. इथे नको पण. खाली, तुमच्या खिडकीपाशी."

झाडाला पट्टे बांधून त्याने ते बकेटवर तोललं, अंडं उचलावं तसं. आता जड अंग पुढे होतं, आणि जायचं होतं खाली. भाच्याने तोंड चढाकडे केलं आणि मागे बघत, बोटबोट, उलटा उतरायला लागला. भोंगा कोकलू लागला. त्याने चपापून ओट्याकडे पाहिलं.

"वाजू दे," हेडबाई म्हणाल्या.

फाटकाशी आत्याने हात पुढे केला. भाऊजींनी किल्ली दिली. "वहिनी, ही घेऊन काय उपयोग? किल्ली काय, कुठेही मिळते."

"किल्ली मिळेल. माझं यंत्र नाही मिळणार. घरी ये, ताट वाढलेलं असेल. पण मशीनवर नाही, टेम्पोतही नाही. चालत ये."

त्यांनी मान हलवली, आणि निघता निघता सवयीने वाकून रिकामी पोती उचलली.

"ठेव ती," आत्या म्हणाली. "रिकाम्या हाताने जा."

त्यांनी पोती ठेवली. रस्त्याच्या वळणापर्यंत ते दिसत होते. हातांचं काय करावं हे न कळलेला माणूस आधी खिशात, मग पाठीमागे, मग नुसतेच लोंबते हात घेऊन चालत होता. आत्या बघत राहिली. तिचा राग उतरला नव्हता, आणि उतरवायची तिला घाईही नव्हती. मागे भोंगा टूं-टूं करत, खिडकीच्या दिशेने, सावकाश खाली येत होता.